त्वचेची ॲलर्जी : वारसा किती, संपर्क किती?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव थोडे जड आहे. सौम्य ॲलर्जीकारक पदार्थांमुळे होणारे त्वचेचे विकार आणि त्यांतील आनुवंशिकतेचा भाग, असा हा विषय आहे. परंतु त्याच्या मागे असलेला प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. एकाच शेतात दहा बायका निंदणाला जातात. नऊ जणी हसतखेळत घरी येतात आणि दहावीच्या पापण्या सुजतात, मानेवर पुरळ उठते, रात्रभर खाजवून कातडी सोलवटून निघते. एकाच दुकानातून घेतलेले खोटे झुमके दोन सख्ख्या बहिणी घालतात. एकीला काही होत नाही, दुसरीच्या कानाच्या पाळ्या पाझरू लागतात. मग घरातील वडीलधारी मंडळी निकाल देऊन टाकतात, "हे त्यांच्या खानदानातच आहे. हिच्या नानीलाही असेच होत असे."

बोलणे येथेच थांबले असते तर व्याख्यानाची गरज नव्हती. पण ते पुढे जाते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात आणि हातावरचे चट्टे ओढणीखाली झाकून ठेवावे लागतात. सुनेला ऐकावे लागते की हा रोग तिने माहेराहून आणला. मुलगा वसतिगृहात राहावयास गेला तर शेजारचा विद्यार्थी आपली सतरंजी दूर सरकवतो. म्हणून "खानदानात आहे" या दोन शब्दी निकालाची आज शांतपणे तपासणी करावयाची आहे. खानदानात नेमके काय असते? रोग असतो, की आणखी काही?

प्रथम ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. ॲलर्जी आणि विषबाधा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकांची बाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती विषबाधा होती. विष माणसा-माणसांत फारसा भेद करीत नाही. पुरेशी मात्रा शरीरात गेली की ते कोणालाही बाधते. ॲलर्जीचे तसे नसते. ज्या पदार्थाने इतरांना काहीच होत नाही, त्याच पदार्थाविरुद्ध एखाद्याचे शरीर उठून उभे राहते.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणे हे त्यांचे काम. काही माणसांत या पेशी निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजतात आणि त्याची ओळख पक्की करून ठेवतात. ही ओळख पटावयास साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. त्या पहिल्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. कधी तर वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूची ॲलर्जी एके दिवशी अचानक सुरू होते. "मी तर लहानपणापासून हेच वापरतो," हा युक्तिवाद म्हणून कामाचा नाही. एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर टिकते, आणि पुढे तो पदार्थ कातडीला लागला की एक-दोन दिवसांनी तेथे लाली, खाज, बारीक फोड आणि पाझर सुरू होतो. यालाच स्पर्शजन्य त्वचादाह म्हणतात.

यातील "एक-दोन दिवसांनी" हे शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. सोमवारी बाईने निंदण केले आणि बुधवारी तिचा चेहरा सुजला, तर घरात दोष कोणाला मिळतो? मंगळवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला, नाही तर अंड्याला. बिचारे वांगे वर्षभर बंद होते आणि खरा गुन्हेगार बांधावर डुलत राहतो. अंगावर पित्त उठते, गांधी येतात आणि काही तासांत विरून जातात, तो प्रकार निराळा. त्याच्याशी याची गल्लत करू नये.

आता तीव्र आणि सौम्य पदार्थांकडे वळू. तीव्र पदार्थाचे उदाहरण आपल्या रानातच आहे. ते म्हणजे बिब्बा. एखाद्याच्या चांगल्या कामात विघ्न आणले तर आपण "बिब्बा घातला" म्हणतो, ते उगाच नाही. बिब्ब्याच्या टरफलातील काळे तेल अंगाला लागले की अनेकांना तो उततो, मोठे फोड येतात. पूर्वी धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर नेमक्या त्या खुणांच्या जागी पुरळ उठू लागले, आणि १९४३ मध्ये त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच वनस्पतिकुळातले आहेत. आंब्याच्या चिकाने काहींच्या ओठांना फोड येतात, त्याचे कारण हेच.

दुसऱ्या टोकाला सौम्य पदार्थ असतात. अत्तरांतील व साबणांतील काही सुगंधी द्रव्ये, मलमांत घालतात ते लॅनोलिन, जखमेवर लावावयाच्या मलमांतील निओमायसिन आणि साधी, पानांची मेंदी हे या वर्गातले. यांनी बहुसंख्य माणसांना काही होत नाही. खोट्या दागिन्यांतील निकेल हा धातू मधल्या पायरीवरचा, बिब्ब्याच्या मानाने पुष्कळच सौम्य. परंतु तो कानात, मनगटावर, कमरेच्या बटणात आणि स्कार्फच्या पिनेत दिवसरात्र कातडीला चिकटून असतो, म्हणून जगभर स्पर्शजन्य ॲलर्जीच्या कारणांत त्याचे नाव पहिल्या रांगेत येते. पदार्थ दुबळा आहे म्हणून त्रास थोडा, असे समीकरण मांडता येत नाही.

येथे आनुवंशिकतेचा प्रश्न सुरू होतो. इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९८० च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीवर डायनायट्रोक्लोरोबेन्झीन या तीव्र रसायनाच्या निरनिराळ्या मात्रा लावून पाहिल्या. सर्वांत लहान मात्रेने थोड्याच लोकांना ॲलर्जी झाली. मात्रा वाढवीत नेली तसे प्रमाण वाढत गेले आणि सर्वांत मोठ्या मात्रेपुढे सगळ्यांनी हात टेकले. १९८५ मध्ये त्याच प्रकारच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना आधीपासून अनेक पदार्थांची ॲलर्जी होती त्यांना, इतरांच्या मानाने, हे रसायन लवकर आणि अधिक बाधले. याचा अर्थ माणसा-माणसांच्या शरीरात मुळात फरक आहे. पण तो फरक दिसतो केव्हा, तर मारा हलका असतो तेव्हा. पैनगंगेला पूर आला की काठावरचे सगळेच भिजतात. रिमझिम पावसात मात्र ज्याच्या छत्रीला भोक असेल त्याचेच डोके भिजते. तीव्र पदार्थ हा पूर आहे, सौम्य पदार्थ ही रिमझिम. म्हणून छत्री कोणाची कशी, हे पाहावयाचे असेल तर रिमझिमीतच पाहावे लागते.

ही छत्री वारशाने येते काय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेरिल चेस या शास्त्रज्ञाने गिनीपिगांवर प्रयोग केले. ज्या प्राण्यांना रसायनांची ॲलर्जी चटकन होई त्यांची पैदास त्यांच्यातच केली आणि ज्यांना ती होत नसे त्यांची त्यांच्यात. पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर एक कूळ संवेदनशील निघाले, दुसरे चिवट. हे निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कल वारशाने येतो, हे प्राण्यांपुरते स्पष्ट झाले.

माणसांच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे जुळी भावंडे. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुके सारखी असतात, इतर जुळ्यांची साध्या सख्ख्या भावंडांइतकीच. एखादा विकार केवळ वारशाचा असेल तर एकसारख्या जुळ्यांत तो दोघांनाही होईल. डेन्मार्कमध्ये जुळ्या बहिणींची अशी पाहणी करण्यात आली. १९८३ च्या पाहणीत निकेलच्या ॲलर्जीत वारशाचा वाटा बराच मोठा असावा असे वाटले. त्याच देशात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक व्यापक पाहणीने तो आकडा खाली आणला. संपर्काचा वाटा मोठा आणि वारशाचा लहान, असा तिचा निष्कर्ष होता. विज्ञान असेच चालते; पहिला शब्द अखेरचा नसतो.

त्याहूनही बोलका पुरावा कायद्याने दिला. डेन्मार्कने १९९० मध्ये कातडीला लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावे यावर बंधन घातले, आणि १९९४ मध्ये युरोपीय संघानेही तसा नियम केला. त्यानंतर कान टोचलेल्या तरुण मुलींत निकेलच्या ॲलर्जीचे प्रमाण उतरले. आता विचार करा. दहा-पंधरा वर्षांत त्या देशाच्या लोकांची जनुके बदलली का? नाही. दागिने बदलले.

हेच उदाहरण उलट्या बाजूने पाहावयाचे असेल तर डेन्मार्कला जाण्याचे कारण नाही. ते आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभे आहे. गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत असेही म्हणतात, ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात ते प्रथम पुण्यात लक्षात आले आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असे मानले जाते. एक झाड हजारो बिया टाकते. पाहता पाहता ते पुण्याहून सगळ्या देशात पसरले. पुसद असो, दारव्हा असो, वणी असो की पांढरकवडा, रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात, एस. टी. स्थानकामागे, शाळेच्या मैदानावर ते नाही अशी जागा सापडणे कठीण.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाडाच्या केसाळ पानांवरून व फुलांवरून त्याचे बारीक कण वाळून वाऱ्यावर उडतात. म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही त्याची बाधा होऊ शकते. लोणकर, मिचेल आणि कॅलनन या संशोधकांनी १९७४ मध्ये या त्वचाविकारावर लेख लिहिला. रोगी बहुधा मध्यम वयाचा, उन्हातान्हात काम करणारा असतो. स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक. पापण्या, चेहरा, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणी अशा जागी कातडी लाल होते, पुढे जाड, काळपट आणि खरखरीत होते. सुरुवातीला पावसाळ्यापुरता असणारा त्रास काहींना मग बारमाही होतो, आणि ऊनही सोसेनासे होते.

आता आपल्या पणजोबांचा विचार करू. १९५० पूर्वी ते याच जिल्ह्यात, याच काळ्या मातीत राबत होते. आपल्या अंगात जी जनुके आहेत ती त्यांच्याकडूनच आली. गाजरगवताची ॲलर्जी होण्याचा कल ज्यांच्यात होता असे लोक तेव्हाही असणारच. पण त्यांच्यापैकी एकालाही हा रोग झाला नाही, कारण गवतच नव्हते. जनुके होती, संपर्क नव्हता. उलट आज गवत सर्वत्र आहे, हजारो मजूर जन्मभर ते उपटतात आणि त्यांतील बहुतेकांना काही होत नाही. संपर्क आहे, कल नाही. दोन्ही एकत्र आले तरच रोग. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर जमीन कितीही कसदार असली आणि वाफसा कितीही चांगला असला तरी बी पडल्याशिवाय उगवत नाही. वारशाने मिळते ती जमीन. बी बाहेरून येते.

मग खानदानातून नेमके येते तरी काय? शास्त्राने काही धागे शोधले आहेत. पहिला धागा कातडीच्या भिंतीचा. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचे प्रथिन असते. विटांच्या भिंतीत सिमेंट दर्जा भरावा तसे ते काम करते आणि कातडीचा ओलावा टिकवते. २००६ मध्ये डंडी येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हे प्रथिन बनविणाऱ्या जनुकात दोष असेल तर कातडी जन्मतः कोरडी राहते आणि लहानपणी इसब होण्याचा संभव वाढतो. अशांच्या तळहातावर कित्येकदा रेषांचे दाट जाळे दिसते. भिंतीला फटी असल्या की सौम्य पदार्थही आत शिरतो.

दुसरा धागा ओळख पटविणाऱ्या पेशींचा. २०१० मध्ये जर्मन संशोधकांना आढळले की माणसाच्या पेशींवरील एका विशिष्ट प्रथिनाला निकेल थेट चिकटते आणि धोक्याची घंटा वाजवते. उंदराच्या त्या प्रथिनात निकेल चिकटण्याची जागाच नाही, म्हणून उंदराला निकेलची ॲलर्जी सहजासहजी होत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जनुकातील एवढ्याशा फरकाने एका प्राण्याला बाधणारा धातू दुसऱ्याला निरुपद्रवी ठरतो.

तिसरा धागा औषधांचा, आणि येथे वारसा खरोखर जड ठरतो. मिरगीवर देतात त्या कार्बामाझेपीन या औषधाने क्वचित एखाद्याच्या अंगावर फोड येऊन कातडी सोलली जाते, तोंडात व डोळ्यांत व्रण होतात. जीवही जाऊ शकतो. २००४ मध्ये तैवानमध्ये दिसून आले की ही प्रतिक्रिया एका विशिष्ट आनुवंशिक खुणेशी घट्ट जोडलेली आहे, आणि भारतीय रोग्यांतही ती खूण आढळली आहे. म्हणून घरात कोणाला कोणत्याही औषधाने असा गंभीर त्रास झाला असेल तर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून ठेवावे, आणि सख्ख्या नातलगांना औषध देताना ते डॉक्टरांना सांगावे. ही गोष्ट लपविण्याची नव्हे, सांगण्याची आहे.

तात्पर्य असे की खानदानातून रोग येत नाही. कोरडी कातडी येते, चटकन सावध होणाऱ्या पेशी येतात, एक कल येतो. आणि तो कल एका जनुकाचा नसून अनेक जनुकांचा मिळून असतो. आईकडून आला की वडिलांकडून, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. दोघांचेही दान त्यात असते. सुनेच्या माहेराला बोल लावणारांनी आपल्या घरच्या विहिरीवरचे गाजरगवत आधी पाहावे.

येथे पालक हमखास विचारतात, "आमच्याकडे मामे-आते, चुलत नात्यात लग्ने होतात. त्याने हे वाढते काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांत एकाच जनुकाच्या दोन सदोष प्रती, एक आईची आणि एक वडिलांची, एकत्र आल्या तर मूल आजारी होते. जवळच्या नात्यात ही शक्यता वाढते. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो, त्यामुळे लग्नापूर्वी दोघांच्याही रक्ताची तपासणी करून घेणे हे शहाणपणाचे आहे. स्पर्शजन्य ॲलर्जीचा हिशेब असा नसतो. म्हणून लग्न ठरविताना रक्ताची तपासणी अवश्य करा; कानाच्या पाळीची नको.

दुसरा प्रश्न लागणीचा. ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. सोबत जेवल्याने, एका सतरंजीवर बसल्याने किंवा बाळाला जवळ घेतल्याने ती पसरत नाही. नायटा व खरूज लागतात, म्हणून खाज असेल तर निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. तिसरी भीती कुष्ठरोगाची. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले, आणि तरीही आपल्या मनातून ती भीती गेली नाही. ॲलर्जीच्या चट्ट्याला भयंकर खाज असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुधा खाज नसते. तो बधिर असतो. बधिर चट्टा दिसला तर विनाविलंब तपासून घ्यावा, कारण त्यावरही आज खात्रीचा उपचार आहे. दोन्हींपैकी कशालाही ओढणीखाली झाकण्याचे कारण नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. वारसा आपल्या हाती नाही, संपर्क आहे. म्हणून सगळा जोर तेथे लावावयाचा.

पहिली गोष्ट मेंदीची. ईद असो की शादी, मेंदीशिवाय आपल्या मुलींचे हात सुने वाटतात. साधी, हिरव्या पानांची मेंदी सौम्य आहे. क्वचितच कोणाला बाधते. पण तासाभरात काळाभोर रंग देणारी जी "काळी मेंदी" बाजारात मिळते तीत बहुधा पॅरा-फेनिलीन-डायअमाइन हे केसांच्या रंगातील रसायन मिसळलेले असते, आणि ते तीव्र आहे. एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती मुलगी पुढे मोठेपणी केसांना रंग लावील तेव्हा डोके आणि चेहरा सुजू शकतो. दाढी व केस रंगविणाऱ्या बुजुर्गांनीही हे ध्यानात ठेवावे. एका रात्रीच्या रंगासाठी जन्माची खोट पदरात घेऊ नये.

दुसरी गोष्ट मलमांची. खाज सुटली की आपण औषधाच्या दुकानात जाऊन मिळेल ती ट्यूब आणतो. निओमायसिन हे सौम्य ॲलर्जीकारक आहे खरे. पण फुटलेल्या, पाझरणाऱ्या कातडीवर ते महिनोन्महिने चोळले तर भिंत नसलेल्या घरात चोर शिरावा तसे आत शिरते, आणि मग औषधाचीच ॲलर्जी होते. स्टेरॉइड असलेली मलमे मनाने लावल्यास कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो आणखी माजतो. मलम डॉक्टरांनी सांगितलेलेच लावावे, आणि त्यांनी सांगितले तितकेच दिवस.

तिसरी गोष्ट निदानाची. कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे हे ओळखण्याची एक साधी पद्धत जर्मन डॉक्टर योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली, तीच आज पॅच टेस्ट म्हणून वापरतात. संशयित पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात पाठीवर चिकटवून ठेवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि तेव्हा व त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा कातडी पाहतात. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथील त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून कोणती चाचणी करावयाची ते विचारावे. एकदा नाव कळले की वांगे, अंडे, मासळी या निरपराध्यांची सुटका होते.

चौथी गोष्ट व्यवसायाची, आणि ही विशेषतः दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. ज्यांना लहानपणी इसब होते, ज्यांची कातडी मुळातच कोरडी आहे, त्यांना सतत पाण्यात हात घालावयाच्या किंवा रसायने हाताळावयाच्या कामांत हातांचे विकार लवकर होतात. गवंडीकामात सिमेंटमधील क्रोमेट असते, केशकर्तनालयात केसांचे रंग, गॅरेजमध्ये तेले आणि रबर, रुग्णालयात हातमोजे व जंतुनाशके. याचा अर्थ ही कामे करूच नयेत असा नव्हे. पहिल्या दिवसापासून योग्य हातमोजे घालावे, काम संपताच हात सौम्य साबणाने धुऊन त्यांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. सिमेंटने भरलेले हात वाळूने घासून धुण्याची सवय सोडावी. बाप गवंडी असेल आणि त्याचे हात फुटत असतील तर मुलाने तोच धंदा उचलताना दुप्पट काळजी घ्यावी. वारशाची माहिती असण्याचा खरा उपयोग हा आहे. ती इशारा म्हणून वापरावी, शिक्का म्हणून नव्हे.

शेवटी एक मागणे संस्थेकडे आणि शिक्षकांकडे आहे. पावसाळ्यात शाळाशाळांतून श्रमदान होते आणि मुलांना मैदानावरील गाजरगवत उपटावयास लावतात. हेतू उत्तम आहे. परंतु चाळीस-पन्नास मुले उघड्या हातांनी, फुलावर आलेले गवत उपटीत असतात, तेव्हा त्यांपैकी कोणाच्या छत्रीला भोक आहे हे शिक्षकांना ठाऊक नसते, मुलांना नसते आणि पालकांनाही नसते. त्या दिवशी काही होणार नाही. होईल ते पुढे केव्हा तरी, आणि मग तेव्हा म्हटले जाईल की हे त्यांच्या खानदानातच आहे.

म्हणून हे काम मोठ्या माणसांनी करावे. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, नाकातोंडाला रुमाल बांधून गवत मुळासकट काढावे. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी त्या बाजूला जाऊही नये. काढलेले गवत वाळवून जाळू नये, खड्ड्यात पुरावे. काम झाल्यावर अंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावे. मोकळ्या जागी तरोटा वाढू दिला तर तो गाजरगवताला दाबतो. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा १९८४ पासून आपल्या देशात सोडण्यात आला आहे. तो या गवताची पाने खातो. पावसाळ्यात पानांवर पिवळसर रंगाचे, काळ्या नागमोडी रेघांचे किडे दिसले तर मुलांनी ते मारू नयेत. ते आपलेच काम करीत असतात.

मित्रहो, आईवडिलांकडून आलेली कातडी कोणालाही बदलून मिळत नाही, आणि तिची लाज बाळगण्याचेही कारण नाही. कानातले झुमके बदलता येतात, मेंदी निवडून घेता येते, मैदान साफ करता येते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी या शाळेचे मैदान मोठ्यांच्या हातांनी स्वच्छ झाले, आणि या सभागृहातून एक जरी आई आपल्या मुलीला ओढणी बाजूला सारून डॉक्टरांकडे घेऊन गेली, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.